नववी पायरी, दोन बोटं उंच

जुन्या कचेरीच्या पुढच्या जिन्याला एकवीस पायऱ्या होत्या आणि त्यांतल्या वीस अगदी शहाण्यासारख्या वागत. नववी तेवढी दोन बोटं उंच होती. शहरातली माणसं आठवीवर आली की त्यांचा पाय आपसूक जरा जास्त उचलला जायचा; बोलता बोलता, भांडता भांडता, फोनवर थापा मारता मारतासुद्धा. बाहेरचा माणूस मात्र अंगठा आपटून पुढे वाकायचाच. मग वरून कोणीतरी म्हणायचं, "या, या. नमस्कार पोचला."

कचेरी बंद होऊन बारा वर्षं झाली होती. आता तिचं कलाकेंद्र व्हायचं होतं. जुनी इमारत दुरुस्त करायची, शेजारी काचेची नवी जोडायची आणि आत चित्रं, नाटकं आणि ज्यांना काय म्हणावं हे ठेवणाऱ्यालाही ठाऊक नाही अशा काही वस्तू ठेवायच्या. जुन्या इमारतीचं दगडकाम टाकीकडे होतं. टाकी म्हणजे दगड घडवायची छिन्नी, आणि ती चालवणाऱ्या या तिशीतल्या बाईलाही सगळे तेच म्हणत. दोघी अंगाने बारीक होत्या, आणि एकदा टोक टेकवलं की मागे यायचं असतं हे दोघींनाही कोणी शिकवलं नव्हतं.

हा जिना टाकीच्या पणजोबांनी बांधला होता. तसं कुठे लिहिलेलं नव्हतं. कोनशिलेवर सोळा नावं होती. त्यांतला एकजण तर बांधकाम चालू असताना वर्षभर परगावी आजारी होता, पण नाव ठणठणीत होतं. पणजोबांचं नाव नव्हतं. त्यांची नववी पायरी होती.

घरात ही गोष्ट सगळ्यांना पाठ होती. जिना निम्मा होत आला तेव्हा त्या वेळच्या साहेबांनी फर्मान काढलं, की इमारत उघडली की पाथरवटांनी पुढून यायचं नाही, काही काम निघालंच तर मागच्या दाराने यायचं. पणजोबा म्हणाले, "बरं." त्या घराण्यात कोणी 'बरं' म्हणालं की शहाण्या माणसाने जपून राहावं. आठ पायऱ्या बसल्या होत्या. नववी त्यांनी दोन बोटं उंच बसवली आणि घरी येऊन जेवताना सांगितलं, "आम्हाला पुढून चढायचं नाही ना? मग तेही ताठ मानेनं चढणार नाहीत." पुढची एकशे दहा वर्षं अधिकारी, न्यायाधीश, वकील, दोन राजदूत आणि एक घोडा त्या पायरीपुढे वाकले. घोडा का चढला होता, हे कोणी सांगत नाही.

दुरुस्ती संपत आली आणि सुरक्षा तपासनीस आले. ते नवव्या पायरीला तीनदा अडखळले. पहिल्यांदा नकळत, दुसऱ्यांदा पहिल्यांदा कसा अडखळलो हे दाखवताना आणि तिसऱ्यांदा आता अडखळायचं नाही असं ठरवून. त्यांनी वहीत चार पानं लिहिली. दुसऱ्या दिवशी प्रकल्पाच्या साहेबांनी टाकीला बोलावलं.

"ती पायरी घासून बाकीच्यांच्या बरोबरीला आणायची."

"नाही."

"नाही म्हणजे?"

"म्हणजे हो नाही, साहेब."

"अहो बाई, चूक आहे ती!"

"चूक नाही. पणजोबांनी मुद्दाम केलीय."

"मुद्दाम केलेली चूक ना पण?"

"मुद्दाम केली की तिला काम म्हणतात."

साहेबांनी कपाळावरचा घाम पुसला. खोलीत वातानुकूलन होतं, घाम मनातून आला होता. "सोमवारी मी घासणारा माणूस आणतो. आणि तुम्ही तोवर खिडक्यांचं काम बघा."

"बरं," टाकी म्हणाली.

साहेबांना त्या घराण्याची माहिती नव्हती.

सोमवारी सकाळी टाकी आपली हत्यारं घेऊन नवव्या पायरीवर जाऊन बसली. समोर खिडकीच्या कमानीचा एक दगड घेतला आणि ठोकायला लागली. साहेब खाली येऊन उभे राहिले.

"इथे का बसलात?"

"उजेड चांगला आहे."

"आठवीवरही तोच उजेड आहे!"

"आठवी दोन बोटं खाली पडते, साहेब. दिसत नाही."

थोड्या वेळाने तिची आत्या डबा घेऊन आली. आत्याने पन्नास वर्षं दगडाला झिलई केली होती. तिच्या बोटांवरच्या रेषा कधीच पुसल्या गेल्या होत्या, त्यामुळे कुठल्याही कार्यालयातलं अंगठ्याचं यंत्र तिला ओळखत नसे. तीही यंत्राला ओळख दाखवत नसे. ती टाकीशेजारी बसली आणि म्हणाली, "अगं, एका पायरीपायी पोटावर पाय आणशील."

"तू असतीस तर घासली असतीस?"

"मी?" आत्याने विचार केला. "मी तीन बोटं केली असती."

घासणारा माणूस अकराला आला. जाडजूड, गरीब स्वभावाचा, हातात धूळ ओकणारं यंत्र.

"ताई, जरा उठता का?"

"नाही."

"मग मी काय करू?"

"बसा."

त्याला असा तोडगा कोणी सुचवला नव्हता. तो दहावीवर बसला. दुपारपर्यंत आत्याने त्याच्या सासुरवाडीची सगळी भांडणं काढून घेतली आणि त्यांतली दोन मिटवलीसुद्धा. साहेबांनी वरून ओरडून विचारलं, "काय चाललंय?" त्याने खरं ते सांगितलं, "साहेब, पायरी मोकळी नाही." मंगळवारीही ती मोकळी झाली नाही. बुधवारी त्याने स्वतःच्या डब्याबरोबर आत्यासाठी उशी आणली.

बुधवारीच साहेबांनी लेखी नोटीस धाडली: उद्या संध्याकाळपर्यंत जागा सोडली नाही तर काम काढून घेण्यात येईल. टाकीने नोटीस वाचली, चार घड्या घातल्या आणि डुगडुगणाऱ्या दगडाखाली सारली. दगड एकदम स्थिर बसला. "सरकारी कागद जाड असतो," ती म्हणाली. पण त्या दिवशी तिचा घाव दोनदा चुकला, आणि आत्याने ते पाहून न पाहिल्यासारखं केलं. या कामासाठी तिने दुसरी सगळी कामं सोडली होती. हे गेलं तर शहरात दगडाचं दुसरं काम नव्हतं. बाकी सगळीकडे काच होती.

गुरुवारी दुपारी काचेच्या इमारतीतून आवाज आला. आधी 'धप्प', मग 'आई गं'.

टाकीचा हात थांबला. 'धप्प' कुठलाही असू शकतो. पण आधी अंगठा, मग तळहात, मग स्वाभिमान, हा क्रम तिच्या घराण्याच्या ओळखीचा होता. ती उठली. आत्या लगेच सरकून तिच्या जागी बसली आणि घासणाऱ्याकडे पाहून म्हणाली, "तू तुझ्या मेव्हण्याचं सांगत होतास."

काचेच्या इमारतीत नवा जिना होता. दूरच्या कारखान्यात यंत्रावर कापून आणलेला, कालपर्यंत कापडाखाली झाकलेला. त्याच्यावर साहेब ओणवे होते. शेजारी तरुण आर्किटेक्ट उभे होते, अजून अर्धे हसत, कारण साहेब पडायच्या आधीच्या क्षणाला ते म्हणत होते, "बघा सर, जुन्या जिन्याशी केसाचाही फरक नाही."

टाकीने खालून मोजलं. एक, दोन, तीन... साहेबांचे हात नववीवर होते.

"नकाशा कोणी काढला?" तिने विचारलं.

"लेसर यंत्राने," आर्किटेक्ट म्हणाले. "जुन्या जिन्याचे चार कोटी बिंदू टिपले. यंत्राच्या नजरेतून काही सुटत नाही."

"नजरेतून सुटत नसेल. पण यंत्र अडखळत नाही ना."

आर्किटेक्टनी खिशातून पट्टी काढली आणि आठवी मोजली. मग नववी मोजली. मग पुन्हा आठवी मोजली, ती वाढली असेल या आशेने.

साहेब उठले. "ही घासा. तीही घासा. दोन्ही घासा!"

आर्किटेक्टनी कारखान्याला फोन लावला. फोनवरचा माणूस गोड आवाजात म्हणाला, की जिन्याचा टवका जरी उडाला तरी तीस वर्षांची हमी रद्द. साहेब म्हणाले, "बरं, मग फक्त जुनी घासा." आर्किटेक्ट हळूच म्हणाले, "सर, मंजुरी 'दोन्ही जिने तंतोतंत सारखे' अशी आहे. जुनी घासली तर नवी चुकली. आणि नव्याच्या कागदावर सही तुमची आहे."

  साहेबांनी आधी छताकडे पाहिलं, मग आपल्या अंगठ्याकडे. एका जिन्यात असेल तर ती चूक. दोन्हींत सारखीच असेल तर तिला वेगळा शब्द आहे, आणि तो शब्द साहेबांना आठवला.

"हे या वास्तूचं वैशिष्ट्य आहे," ते म्हणाले. "जपायला हवं."

"नोटिशीचं काय, साहेब?"

"कसली नोटीस?"

"नको असेल तर राहू द्या. दगडाखाली कामाला आहे ती."

मात्र तपासनिसांच्या समाधानासाठी सूचना लागणार होती. दर्शनी भागात पाटी नको, शोभा जाते. साहेब म्हणाले, "पायरीच्या उभ्या अंगावर दोन शब्द कोरा. 'पायरी सांभाळा.' बारीक, नीटस."

"बारीकच ना?"

"अगदी."

"बरं," टाकी म्हणाली.

चार दिवस ती जुन्या जिन्यावर पालथी पडून नववीच्या उभ्या अंगावर कोरत होती. वर साहेबांचे दोन शब्द. त्यांच्याखाली, तांदळाच्या दाण्याएवढ्या अक्षरांत, आणखी काही. साहेब पाहायला आले. पाहणी त्यांनी उभ्यानेच केली. अंगठा अजून दुखत होता, वाकायची हौस उरली नव्हती. "छान," म्हणाले आणि सही करून गेले.

उद्घाटनाच्या दिवशी नवी कोनशिला बसली होती. तीवर बावीस नावं. कामगारांना पिवळे पास मिळाले होते आणि पासावर छापलं होतं: प्रवेश मागील दाराने.

टाकीने पास वाचला आणि आत्याला दाखवला. आत्याला चष्म्याशिवाय दिसत नव्हतं, पण तिने काय लिहिलं असेल ते ओळखलं. "एकशे दहा वर्षांत निदान दुसरं दार तरी काढायचं," ती म्हणाली आणि पुढच्या जिन्याकडे चालायला लागली.

आठवीवर सुरक्षारक्षकाने हात आडवा केला. नवा होता, कडक इस्त्रीचा, बाहेरगावचा. "बाई, पिवळा पास मागून. पुढून फक्त पाहुणे."

"कुठे लिहिलंय?"

"पासावर आहे ना."

"पास कागदाचा आहे," टाकी म्हणाली. "दगडावर काय लिहिलंय ते बघा आधी. तुमच्या पायाशी."

रक्षकाने वळून खाली पाहिलं. अक्षरं बारीक होती. तो वाकला. आणखी वाकला. शेवटी गुडघे टेकून, बोट फिरवत मोठ्याने वाचू लागला, "पायरी सांभाळा. ही चुकलेली नाही. बांधणाऱ्यांना पुढून येऊ दिलं नाही, म्हणून उंच आहे."

 मग मान वर करून त्याने विचारलं, "म्हणजे... कोणाला येऊ दिलं नाही?"

"आम्हाला," आत्या म्हणाली. "सरक जरा, बाळा."

रक्षक सरकला. दोघींनी पाय दोन बोटं जास्त उचलले आणि मान तसूभरही न वाकवता वर गेल्या. एकविसाव्या पायरीवर पोचून टाकीने हातातला पिवळा पास आत्याला वारा घालायला दिला.

खाली गाडी थांबली. प्रमुख पाहुणे उतरले, साहेबांनी वाट दाखवली, कॅमेरे सरसावले. पाहुणे हसतमुखाने, छाती पुढे काढून चढू लागले. सहा. सात. साहेब काहीतरी सांगायला तोंड उघडणार होते. आठ.

आत्याने वारा घालायचं थांबवलं, खाली पाहिलं आणि शहरातल्या कुठल्याही सभ्य बाईने म्हणावं तसं म्हणाली, "या, या. नमस्कार पोचला."