गिरणीवरच्या खोलीतला हेडफोन

एका कानाने अधू, पण तोंडाने अजून खणखणीत, असा मी एक जुना हेडफोन आहे, मित्रांनो. माझ्या डाव्या बाजूला एक वाकडी दांडी आहे आणि तिच्या टोकाशी माझा माइक आहे. कानांवरच्या गाद्यांचं काळं रेक्झिन सोलवटून गेलं, तेव्हा माझ्या मालकिणीच्या आईने जुन्या टी-शर्टांची कापडं शिवून दिली. त्यामुळे माझा एक कान निळा आणि दुसरा पिवळा आहे. राजबिंडा वगैरे मी कधीच नव्हतो, पण मी जे ऐकलंय ते एखाद्या राजबिंड्याने ऐकलं असेल की नाही, शंकाच आहे.

माझा जन्म मोठ्या कारखान्यात झाला. माझ्यासारखी हजारो भावंडं एका पट्ट्यावरून सरकत होती. तपासणीच्या टेबलावर एका बाईने मला कानाला लावलं, मान डोलावली आणि खोक्यात टाकलं. तिथून मी गेलो तक्रारी ऐकण्याच्या ऑफिसात. लोक तिथे फोन करत ते भांडायलाच. कुणाचं बिल चुकलेलं, कुणाचा फ्रीज गार होत नसलेला. ऐकणारी तरुण पोरं-पोरी "माफ करा सर, माफ करा मॅडम" म्हणत दिवस काढत. मी इमानाने काम केलं. पण खरं सांगू का? इतकी वर्षं माणसांच्या कानाला चिकटून राहूनही मी कुणाला आनंदाने ओरडताना ऐकलं नव्हतं.

मग ते ऑफिस बंद पडलं. आम्हाला एका खोक्यात कोंबलं, तारांचा नुसता गुंता झाला, आणि ते खोकं बाजारातल्या मोबाइल दुरुस्तीवाल्याने उचललं. त्याच्या दुकानात मी खिळ्याला लटकून राहिलो. अंगावर धूळ बसली. गिऱ्हाईक यायचं, चमकदार छोटे इयरफोन घ्यायचं आणि जायचं.

एके दिवशी दुकानात एक मुलगी वाऱ्यासारखी शिरली. तिला घरीदारी सगळे भिंगरी म्हणत. एका जागी दोन मिनिटं बसेल तर शपथ!

"काका, बोलता येईल असा हेडफोन आहे का? माझ्या लॅपटॉपचा माइक गेलाय."

"हा घे. जुना आहे, पण आवाज साफ जातो. कशाला हवाय?"

"मला काम मिळणारेय, काका! म्हणजे मिळालं नाही अजून. पण परदेशातली एक डॉक्टरबाई माझ्याशी बोलणारेय. जनावरांची डॉक्टर!"

दुरुस्तीवाला हसला. "तुला काय झालंय पण?"

भिंगरीही खळखळून हसली. मित्रांनो, त्या हसण्यानेच मी खिळ्यावरून अर्धा उतरलो होतो.

घरी गेल्यावर सगळी हकिगत कळली. भिंगरी कॉलेजात कॉम्प्युटर शिकली होती. वेबसाइट बनवणं, बिघडलेली वेबसाइट दुरुस्त करणं, यात तिचा हातखंडा होता. गावात मात्र तसं काम देणारं कुणी नव्हतं. म्हणून जगभरातल्या लोकांना जिथे घरबसल्या काम करणारी माणसं मिळतात, अशा एका ठिकाणी तिने इंटरनेटवर आपलं नाव घातलं होतं. कितीतरी जणांना लिहिलं. बहुतेकांनी उत्तरच दिलं नाही. इकडे तिच्या मामाने एका कारखान्याच्या ऑफिसात तिच्यासाठी कारकुनाची नोकरी बघून ठेवली होती. पुढच्या सोमवारी हजर व्हायचं होतं. भिंगरीने आईकडून कसंबसं कबूल करून घेतलं होतं, की त्याआधी एक जरी काम हाती आलं तर नोकरीला नाही म्हणायचं. नाही आलं, तर मुकाट्याने जायचं.

आणि आता ही डॉक्टरबाई! पण एक मोठीच पंचाईत होती. भिंगरीच्या आईची पिठाची गिरणी होती आणि भिंगरीची खोली बरोबर तिच्यावर. वीज आली की गिरणी सुरू व्हायची. पट्टा फिरायचा, खोली थरथरायची, टेबलावरचं पेन आपोआप चालत कडेला जायचं. वीज गेली की खाली अगदी शांत, पण मग इंटरनेटही गायब. म्हणजे आवाज नसेल तेव्हा बोलता येईना आणि बोलता येईल तेव्हा ऐकू येईना!

"तू बोल गं," आई म्हणाली. "तेवढ्यापुरती मी गिरणी बंद ठेवते."

"अगं, पण सकाळी सकाळी किती गर्दी असते!"

"असू दे. आधी मला दाखव, तू बोलणार काय ते. मी ती डॉक्टरीण. हं, विचारते. काय गं मुली, तुला काय येतं?"

आई दळणाच्या डब्यावर ऐटीत बसली. तिच्या पापण्यांवर पीठ होतं. भिंगरी माझ्या माइकशी तोंड नेऊन पुटपुटली, "मॅडम, मी वेबसाइट..."

"ऐकू येत नाही."

"मॅडम, मी वेबसाइट दुरुस्त..."

"अगं, पावशेर दळायला आलेलं गिऱ्हाईकसुद्धा याहून मोठ्याने बोलतं! जरा ताठ बस. आणि मध्ये मध्ये श्वास घे, नाहीतर त्या डॉक्टरणीला तुझ्यावरच उपचार करावे लागतील."

दुसऱ्या दिवशी सकाळी वीज होती. आईने बटण दाबलं आणि गिरणी घरघरत थांबली. खाली डबे घेऊन रांग लागलेली. "काय झालं, बिघडली का?" कुणीतरी विचारलं. "बिघडली नाही," आई म्हणाली, "वर लेकीचं काम चाललंय. आवाज करायचा नाही कुणी."

डॉक्टरबाईंकडे तेव्हा संध्याकाळ होती. दवाखाना आटोपून त्या समोर आल्या, तेही ठरल्या वेळेहून बऱ्याच उशिरा. तोवर खालची रांग पायरीपर्यंत आली होती. बोलणं इंग्रजीत झालं. माझी उमेदीची वर्षं इंग्रजी ऐकण्यातच गेलेली, त्यामुळे मला सगळं समजलं. तुम्हाला मराठीत सांगतो.

"नमस्कार. तर तुमच्याविषयी सांगा ना," डॉक्टरबाई म्हणाल्या.

आणि भिंगरी गप्प झाली! सदा भिरभिरणारी आमची भिंगरी दगडासारखी थिजली. मला तिच्या कानातली धडधड ऐकू येत होती. दांडी हलवून तिला ढोसावं असं मला वाटलं, पण आम्हा वस्तूंना ते कुठलं जमायला!

"हॅलो? ऐकू येतंय का?"

तेवढ्यात खाली कुणाच्या तरी हातून डब्याचं झाकण निसटलं. खण्ण! ते फरशीवरून गोल गोल फिरत राहिलं आणि आईचा दबका आवाज आला, "अहो, हळू ना!"

"काय पडलं?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

भिंगरीला हसू फुटलं. "झाकण," ती म्हणाली. "आमची पिठाची गिरणी आहे, या खोलीच्या खालीच. तुमच्याशी बोलता यावं म्हणून आईने ती बंद ठेवलीय. लोक पीठ न घेता उभे आहेत."

डॉक्टरबाई अशा हसल्या की त्यांच्या दवाखान्यात मुक्कामाला असलेली सगळी कुत्री एकदम भुंकायला लागली. मोठी, बारकी, घोगरी, चिरकी. माझे दोन्ही कान दणाणले.

"हे आमचे पाहुणे!" त्या ओरडून म्हणाल्या. "तुमची गिरणी तरी बंद होते. यांना बटण नाही!"

झालं! तिथून भिंगरी जी सुटली ती सुटलीच. डॉक्टरबाईंनी अडचण सांगितली. लोक वेबसाइटवरून वेळ घेत, पण सगळे तासभर आधीच येऊन बसत. मग बसायच्या खोलीत मांजरं आणि कुत्री समोरासमोर, आणि नुसता धिंगाणा.

"मी काल तुमची वेबसाइट पाहिलीय," भिंगरी म्हणाली. "तुमच्याकडे उन्हाळ्यात घड्याळं तासभर पुढे करतात ना? माणसांनी केली. वेबसाइटला कुणी सांगितलंच नाही. म्हणून ती लोकांना तासभर आधीची वेळ दाखवते."

"आधीच्या माणसाने एकदा तास वाढवून दिला होता."

"म्हणूनच पुन्हा बिघडलं. हिवाळ्यात घड्याळं मागे गेल्यावर तो तास काढून टाकला असणार. मी आकडा बदलणार नाही. कुठल्या तारखेला घड्याळ बदलतं, हेच तिला शिकवते. मग दरवर्षी तिचं तीच बघेल."

डॉक्टरबाईंनी कॅलेंडर पाहिलं. मग म्हणाल्या, "शनिवारपर्यंत करून दाखवा. जमलं, तर पुढेही काम आहे."

भिंगरीने मला डोक्यावरून काढलं आणि जिन्यातून ओरडली, "आई, कर सुरू!" आणि खालच्या रांगेने, मित्रांनो, चक्क टाळ्या वाजवल्या.

गिरणी सुरू झाली आणि वरही काम सुरू झालं. पण शुक्रवारी सकाळी चौकातला ट्रान्सफॉर्मर धाडकन उडाला. वीज कधी येईल, कुणीच सांगेना. काम जवळजवळ होत आलेलं, नुसती तपासणी बाकी. मामा नेमका तेव्हाच आला.

"बघ, हे असं असतं," तो आईला म्हणाला. "ना त्या बाईला भेटलो, ना तिचं ऑफिस पाहिलं. सोमवारी नोकरीवर पाठव हिला."

"दादा, शनिवार अजून यायचाय," आई म्हणाली. "आणि तू तरी आमच्या कुठल्या गिऱ्हाइकाचं घर पाहिलंस? दळण चांगलं असलं की ते परत येतं."

भिंगरीने लॅपटॉप पिशवीत घातला, मला गळ्यात अडकवलं आणि बाजाराकडे पळाली. दुरुस्तीवाल्याच्या दुकानात वीज गेली तरी चालणारी मोठी बॅटरी होती आणि तिच्यावर इंटरनेटही चालू होतं. त्याने सुट्या भागांनी भरलेलं टेबल हाताने सारून अर्धं मोकळं केलं. ज्या खिळ्याला मी लटकत होतो, त्याच्याच खाली ती बसली. बाहेर रिक्षांचे भोंगे, आत स्क्रू पडल्याचे आवाज. ती एकेक तारीख टाकून बघत होती, उन्हाळ्यातली, हिवाळ्यातली, घड्याळ बदलायच्या नेमक्या दिवसाची. त्या दिवसापाशी गाडी अडली. तिने नखं कुरतडली, उठली, दोन फेऱ्या मारल्या, पुन्हा बसली. आणि मग अचानक, "जमलं! काका, जमलं!"

इतक्या वर्षांत न ऐकलेली ती आरोळी मी अगदी कानाशी ऐकली. माझा उजवा कान तेव्हापासूनच जरा अधू आहे, असं मी गमतीने म्हणतो.

शनिवारी डॉक्टरबाईंचा निरोप आला. भिंगरीने तो आईला मोठ्याने वाचून दाखवला. "आज सगळी जनावरं वेळेवर आली. एक म्हातारी मांजर तर मिनिटभर आधी. सोमवारपासून पुढचं काम सुरू करूया का?"

आईने पिठाच्या हातांनीच लेकीचे गाल धरले. भिंगरीने मामाला फोन लावला. "मामा, रागावू नका. सोमवारी मला कामावर जायचंय, पण जिना चढून."

मामा खाकरला. मग म्हणाला, "त्या बाईला विचार, आमची म्हैस हल्ली लाथा का मारते."

त्यानंतर खूप कामं आली. आमच्या डॉक्टरबाईंनी दुसरीला सांगितलं, तिने तिसरीला. खोलीच्या खिडकीला जाड काच बसली, घरात बॅटरी आली. मग माझा उजवा कान पुरता गेला आणि भिंगरीने नवा हेडफोन घेतला. मी कपाटाच्या खणात गेलो. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? अंधारात पडून मी मनातल्या मनात जुने आवाज ऐकत असे.

पण आज दुपारी खण उघडला. समोरच्या घरातली शिवणकाम करणारी ताई भिंगरीकडे वेबसाइट बनवायला शिकते आहे. उद्या तिचं पहिलं बोलणं आहे, कुणा दूरच्या बागवानाशी. भिंगरीने माझी तार नीट उलगडली, माइक पुसला आणि मला ताईच्या डोक्यावर ठेवलं. तिच्याही कानात तीच धडधड होती. मला इतका आनंद झालाय, की कधी एकदा सकाळ होते असं वाटतंय!

मित्रांनो, तुमच्या घरात माझा एखादा भाऊबंद असेल तर त्याला तारेला धरून ओढू नका. काम झालं की तार सैल गुंडाळून ठेवा. एक कान गेला म्हणून लगेच कचऱ्यात टाकू नका. आणि तुमच्या घरातलं कुणी पहिल्यांदाच दूरच्या अनोळखी माणसाशी बोलायला बसलं असेल, तर तेवढा वेळ टीव्ही बंद करा, भांडी हळू ठेवा, आणि दाराशी जरा थांबा. आत कुणीतरी श्वास घेऊन पहिला शब्द बोलणार असतं.