रेश्माचा चौकोन

मित्रांनो, तिसगावजवळच्या एका वस्तीवरच्या शाळेतला जुना फळा म्हणजे मी. माझा एक कोपरा वाळवीने खाल्लाय. तरी माझ्यावर कुणी खोटं लिहिलं, की आजही किळस येते.

त्यात आमच्या आबासाहेब गुरुजींचा हात धरणारा कुणी नव्हता. तपासणी आली की ते 'मुलांची आवडती फळे' असा आलेख काढायचे. सफरचंदाचा खांब दरवर्षी सर्वांत उंच. वर्गातल्या एकाही पोराला त्यांनी कधी विचारलं नव्हतं. साहेब मान डोलवायचे आणि चहा पिऊन जायचे. समोरची पोरं ज्यांना दिसत नाहीत, त्यांना आलेख काय दिसणार?

गेल्या वर्षी दिपालीबाई बदलून आल्या. दसऱ्यानंतर त्यांनी दुसरीच्या मुलांना विचारलं, "दिवाळी झाली की गावात कोण राहणार आणि आईवडिलांबरोबर ऊसतोडीला कोण जाणार? ज्याने त्याने आपला एक चौकोन काढा, एकावर एक."

चौकोन सारखे यावेत म्हणून काडेपेटी टेकवून तिच्याभोवती रेघ ओढायची होती. रेश्मा सगळ्यांत शेवटी आली. टाचा उंचावून तिने 'जाणार'च्या खांबावर आपला चौकोन काढला. खांब तिच्या डोक्याच्याही वर गेला.

गुरुजी दारातूनच म्हणाले, "उद्या साहेब येत्यात. पुसा ते. फळं काढा. फळांना कोन नावं ठेवीत न्हाई."

"मुलांनी सांगितलं तेच आहे ते," बाई म्हणाल्या आणि त्यांनी शाळा सुटताच पालकांना बोलावून घेतलं.

रेश्माचा बाप वाल्मिक आला, मागून आजी छबूबाई आली. तिला अक्षर येत नव्हतं.

"ह्यो उंच खांब कशाचा?"

"जाणाऱ्या मुलांचा," बाई म्हणाल्या.

"आन आमची रेश्मी?"

बाईंनी सर्वांत वरच्या चौकोनावर बोट ठेवलं. म्हातारीने मान वर करून तो चौकोन पाहिला. मग लेकाला म्हणाली, "तुमी दोघं जावा. पोरगी माझ्यापाशी ऱ्हाईल."

"तुला व्हईल का?"

"भाकरी थापायला हात हायत माझे."

तिथेच आलेल्या शेजारच्या गोजरबाईने लगेच आपल्याही नातवाला ठेवून घेतलं.

सकाळी रेश्माने तळहाताने आपला चौकोन पुसला आणि 'राहणार'च्या खांबावर नवा काढला. गोजरबाईच्या नातवानेही तेच केलं. 'जाणार'चा खांब बुटका झाला, संपला मात्र नाही.

साहेबांनी आलेखाचं कौतुक केलं. गुरुजी छाती काढून म्हणाले, "आमचीच कल्पना हाय ही." मला तोंड नाही म्हणून, नाहीतर थुंकलो असतो.

मित्रांनो, माझ्या अंगात खिळे ठोकू नका, एवढी काळजी घ्याच. आणि माझ्यावर आलेख काढण्याआधी ज्यांचा तो आहे त्यांना विचारा. विचारायची हिंमत नसेल, तर मला कोरा राहू द्या.