दोन कॉफ्यांचा प्रश्न

दक्षिण कोरियातल्या सुनचॉन शहरात मुलींच्या शाळेत मेंग ह्यॉन-सुक बाई सत्तावीस वर्षं इंग्रजी शिकवत होत्या, आणि त्यांतली निदान वीस वर्षं त्यांनी समोरच्या माणसांना तुच्छच लेखलं होतं. मुली घोकंपट्टीच्या, आया मार्कांसाठी हपापलेल्या, नवे शिक्षक आळशी. कोरियन भाषेत सफरचंद एक असो नाहीतर दहा, नाम जसंच्या तसं चालतं. त्यामुळे इंग्रजीत कोणतं नाम मोजायचं आणि कोणतं नाही, इथे पोरी हमखास घसरायच्या. म्हणूनच तो धडा बाईंच्या आवडीचा होता.

सहामाहीच्या पेपरात सतरावा प्रश्न त्यांनी त्यावरच काढला. पाच वाक्यांतलं चुकीचं वाक्य ओळखा. तिसरं वाक्य होतं, ‘वी ऑर्डर्ड टू कॉफीज.’ बाईंच्या उत्तरसूचीत तेच चूक होतं. कॉफी मोजायची नसते, कप मोजायचे.

उत्तरं लागली त्याच दुपारी सोल बो-योंग नावाची मुलगी हरकतीचा फॉर्म घेऊन शिक्षकांच्या खोलीत आली. सहा वर्षं ऑकलंडला काढून दीड वर्षापूर्वी ती परत आली होती.

“बाई, सतराव्यातलं तिसरं वाक्य बरोबर आहे. तिकडे सगळे असंच म्हणतात.”

“तिकडे लोक दुकानातसुद्धा अनवाणी फिरतात म्हणे. तू फिरतेस का इथे?”

शेजारच्या टेबलावर कोणीतरी हसलं. बो-योंगने फॉर्म पुढे धरलेला हात मागे घेतला नाही.

“चार मार्कांसाठी एवढा खटाटोप,” बाई म्हणाल्या. “लाज वाटायला हवी गं.”

बाईंनी दोन बोटांच्या चिमटीत फॉर्म उचलला.

हरकत आली म्हणजे बैठक आलीच. उपमुख्याध्यापक मिन सर वाद मिटावा म्हणून स्वतःच्या मताविरुद्धही मत देणारे. त्यांनी इंग्रजी संभाषणाचा तास घेणाऱ्या डेरेकला बोलावून घेतलं. बाईंच्या लेखी डेरेक म्हणजे इंग्रजीत जन्मला एवढ्याच भांडवलावर जगणारा माणूस. पदवी कसली, तर खेळाच्या मैदानांची निगा राखण्याची.

डेरेकने वाक्य वाचलं. “बरोबर आहे. मी रोज सकाळी हेच म्हणतो.”

“पण व्याकरणाप्रमाणे?”

“व्याकरणातलं मला काही कळत नाही,” तो अगदी सरळपणे म्हणाला.

“ऐकलंत, सर?” बाई मिन सरांना म्हणाल्या, आणि विषय कायमचा संपवायला कपाटातला जाडजूड शब्दकोश काढून आणला. कॉफी सापडली. पहिल्या अर्थापुढे लिहिलं होतं, मोजता न येणारं नाम. बाईंचं बोट तिथे टेकलं, आणि नजर खालच्या ओळीवर गेली. दुसरा अर्थ: कपभर कॉफी, मोजता येणारं नाम. त्यांनी ती ओळ दोनदा वाचली. पुस्तक मिटून टाकणं सोपं होतं. त्यांनी ते उघडंच मिन सरांपुढे सरकवलं आणि खिडकीकडे तोंड केलं.

पाचांत चुकीचं वाक्यच उरलं नाही, तेव्हा सगळ्यांना चार मार्क द्यायचे ठरलं.

दोन दिवसांनी गुणांची नवी यादी लागली तेव्हा मिन सर म्हणाले, “गंमत बघा, मॅडम. ती हरकत घेणारी सातवी होती, आता अकरावी. पहिली श्रेणी आठजणींनाच.”

बाईंनी तिची उत्तरपत्रिका काढून पाहिली. सतराव्याला तिसऱ्यावरच खूण होती. तिला मार्क आधीच मिळालेले होते; वाढले ते बाकीच्यांचे. त्यांनी तिला बोलावून घेतलं.

“तू तिसरंच चूक धरलं होतंस.”

“तुम्हाला काय हवंय ते माहीत होतं, बाई.”

“मग हरकत कशाला घेतलीस?”

बो-योंगने पायातल्या सपातांकडे पाहिलं. “धडा शिकवताना तुम्ही म्हणालात, ‘टू कॉफीज’ अडाणी लोक म्हणतात. माझी आई ऑकलंडला कॅफेत कामाला होती. सुरुवातीला तिला तेवढंच इंग्रजी यायचं, दिवसभर तेच आत ओरडून सांगायची. मी एकदा वर्गात हे सांगितलं होतं. आता वर्गातल्या दोघीजणी मला ‘टू कॉफीज’ म्हणूनच हाक मारतात.”

“श्रेणी गेली तुझी.”

“जाईल हे ठाऊक होतं.”

तिच्या आवाजात राग नव्हता. पण बाई डेरेककडे बघायच्या तशी ती बाईंकडे बघत होती, आणि ती नजर बाईंना लगेच ओळखू आली. “जा,” एवढंच त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी बाई पुस्तक न उघडता वर्गापुढे उभ्या राहिल्या. “सतरावा प्रश्न मी चुकीचा काढला. ‘टू कॉफीज’ म्हणणारे लोक अडाणी नसतात. ते मी म्हणायला नको होतं.”

निम्मा वर्ग बाकाखाली गणितं सोडवत होता. पहिल्या रांगेतल्या एकीने हात वर केला. “बाई, हे वार्षिकला येणार का?”

“नाही.”

पेनं खाली ठेवल्याचे आवाज आले. मार्क तर सगळ्यांना मिळालेच होते; चूक कोणाची होती याच्याशी कोणाला देणंघेणं नव्हतं. खिडकीपाशी बसलेल्या बो-योंगने मान वर केली नाही. बाईंनी पुढचा धडा उघडला.