आईंच्या व्यायामाचा तक्ता

तोंडाने मी फटकळ असेन, पण खोटारडी नाही, असं अख्ख्या पावस गावाला ऐकवत असे मी. आता कुठल्या तोंडाने ऐकवू?

माझ्या सासूबाई, आनंदीबाई, यांचा उजवा हात खांद्याच्या वर जाईना. अंबाडासुद्धा मीच घालायची, तोही घाईघाईत, केस ओढून. रत्नागिरीचे हाडांचे डॉक्टर म्हणाले, "बारा आठवडे रोज व्यायाम. बहुतेकांचं तेवढ्यानं भागतं. नाहीच भागलं तर ऑपरेशन." खिडकीच्या गजाला रबरी पट्टा बांधायचा, आईंनी तो ओढायचा, मी समोर बसून मोजायचं आणि तक्त्यावर बरोबरची खूण करायची.

आठवडाभर केलं. मग आंब्याचा सीझन आला. पेट्या भरता भरता कंबरडं मोडायचं. आई पट्टा घेऊन दारात यायच्या. "येतेस गो?"

"आई, मला काय दहा हात आहेत?" मी खेकसायची. एकटीनं करायला त्या घाबरायच्या, पट्टा ठेवून द्यायच्या. आणि मी? रविवारी बसून सात खुणा एकदम करायची.

परवा बारा आठवडे भरले. डॉक्टरांनी तक्ता पाहिला. "वा! एकही दिवस चुकला नाही. तरी फरक नाही, म्हणजे दुर्बिणीनं ऑपरेशन करू. भूल द्यायची, खांद्याला दोन-तीन बारीक भोकं पाडायची, सुजलेला भाग काढायचा, वरचं हाड थोडं तासायचं. मग खालचा स्नायू त्यावर घासणार नाही."

हाड तासायचं! आता आई सांगणार, माझी अब्रू जाणार.

"होय हो डॉक्टर," आई म्हणाल्या, "सुनेनं एक दिवस चुकवला नाही. करा ऑपरेशन."

मला रडूच फुटलं. "खोटं आहे ते! खुणा सगळ्या माझ्या. आठवडाभरच केलाय व्यायाम त्यांनी."

डॉक्टर जाम भडकले. भडकायलाच हवं होतं. नवा तक्ता पुढे टाकून म्हणाले, "पुन्हा पहिल्या दिवसापासून. ऑपरेशनचं नंतर बघू."

रिक्षात मी विचारलं, "आई, का नाही सांगितलंत?"

"चारचौघांत तुझी मान खाली गेली असती गो. हाड काय, माझं एकटीचंच."

घरी येताच पट्टा बांधला. समोर बसून मोजलं. मग तक्ता आणि पेन आईंच्या पुढे धरलं.

"मी कशाला?" त्या म्हणाल्या. "तूच कर खूण. माझा विश्वास आहे."

पेन हातात होतं, पण माझा हात काही उठेना.