भिंतीचा दिवस

त्या स्टुडिओत एक भिंत होती, आणि तिच्यासमोर भल्याभल्यांची पाचावर धारण बसायची.

महिन्यातून एकदा भिंतीचा दिवस यायचा. ज्याने त्याने आपलं चित्र आदल्या दिवशी पाकिटात घालून मालकांच्या टेबलावर ठेवायचं. सही नाही, नाव नाही. सकाळी मालक सगळी चित्रं टाचण्यांनी भिंतीवर लावायचे आणि मग प्रत्येकाने प्रत्येक चित्राचा एक दोष सांगायचा. प्रत्येक म्हणजे अगदी स्वतःच्या चित्राचासुद्धा! गप्प बसलात की पकडले गेलात, आणि कौतुक केलंत तर विचारायलाच नको. म्हणजे आपल्याच लेकराला चारचौघांत नावं ठेवायची, आणि तीही अशी बेमालूम की कुणाला शंका येऊ नये. कुणाच्या सुपीक डोक्यातून हे निघालं होतं देव जाणे. मालकांना मात्र त्याचा कोण अभिमान! "आमच्याकडे चित्र बघतात, माणूस नाही," असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला छाती फुगवून सांगायचे.

थोरली या प्रकाराला सरावलेली होती. ती तिथली सगळ्यांत जुनी चित्रकार. तिची बहीण कामाला लागली तेव्हापासून सगळे त्या दोघींना थोरली आणि धाकटी म्हणूनच ओळखायचे. धाकटीला तिनेच तिथे चिकटवलं होतं, "शिकेल हळूहळू" म्हणून. दोघींना हातात ब्रश दिला तो बापाने. तो दुकानांच्या पाट्या रंगवायचा आणि उरलेल्या रंगावर पोरींना सोडून द्यायचा.

या खेपेची भिंत नेहमीची नव्हती. नावाजलेल्या स्टुडिओंचा गौरव करणारा एक जाडजूड ग्रंथ निघणार होता, आणि त्यासाठीचं चित्र मालक याच भिंतीवरून निवडणार होते. प्रत्येक स्टुडिओचं एकच चित्र, पानभर, आणि त्याखाली चित्रकाराचा फोटो आणि नाव. नाव! इतकी वर्षं थोरलीने पुस्तकं केली, बिस्किटांचे डबे केले, साबणाची वेष्टनं केली, पण छापून आलं ते नेहमी स्टुडिओचं नाव. ते एक पान तिला हवं होतं. नुसतं हवं नव्हतं, तिचा जीव त्यात अडकला होता.

तिने आपली आई काढली होती. खुर्चीत बसल्याबसल्या डुलकी लागलेली, मांडीवर अर्धवट सोललेले मटार. हात तर असे उतरले होते की बोटांचा ओलसरपणा दिसावा.

आणि शेजारीच होता एक न्हावी. तो गिऱ्हाइकाची दाढी करतोय, आणि दोघे आरशातून एकमेकांना जोखताहेत. थोरलीने पाहताक्षणी ओळखलं, ही धाकटी. चित्र चांगलं होतं. मेलं फारच चांगलं होतं.

पाळी आली तशी ती तुटून पडली. "हा दाढी करतोय की गळा कापतोय? मनगट आहे की लाकडाचा ठोकळा?"

सगळे खो खो हसले. धाकटीही हसली, हसावंच लागतं ना.

मग मटारवाली म्हातारी. तिच्याबद्दल आतापर्यंत लोक गुळमुळीत बोलले होते. खुर्चीचा पाय जरा आखूड वाटतो, भिंतीचा रंग जरा फिका. म्हणजे चित्र आवडलं होतं! थोरलीला आतून उकळ्या फुटत होत्या. पण आताच न्हाव्याला फाडून खाल्लं आणि इथे मऊ बोलली, तर कुणीही ओळखेल. काहीतरी झोंबणारं हवं होतं. आणि ती घाईत असल्यामुळे, जे सगळ्यांत आधी सापडलं तेच तिच्या तोंडून निघालं.

"ज्याने कुणी हे काढलंय, त्याला डोळे काढता येत नाहीत. म्हणून म्हातारीला झोपवून टाकलंय."

यानंतर धाकटीची पाळी होती. तिने चित्राकडे पाहिलं, मग बहिणीकडे पाहिलं, आणि शांतपणे म्हणाली, "खरंय. ती जागी असती, तर पाठमोरी बसवली असती."

अक्षरं काढणाऱ्या काकांनी मांडीवर थाप मारली. "पाठमोरी! अरे, तो बिस्किटाचा डबा आठवतो का? अख्खं कुटुंब पाठमोरं!"

"आणि गोष्टीच्या पुस्तकातला राजा? मुकुट पार नाकापर्यंत!"

"दवाखान्याच्या पोस्टरवरची नर्स! खालीच बघतेय बिचारी!"

मग काय, लोकांना चेवच आला. कपाटं उघडली, जुनी कामं टेबलावर आली. वाकलेली, झोपलेली, टोपीआड दडलेली माणसं, एकावर एक. हसता हसता कुणाच्या तरी लक्षात आलं की हे सगळं एकाच हातचं आहे. हसू आटत गेलं आणि सगळ्या माना थोरलीकडे वळल्या. तिला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

मालक पुढे आले. "कमाल आहे ताई तुमची! इतकी वर्षं मी याला तुमची शैली समजत होतो. पाहुण्यांना सांगायचो, बघा, आमच्या ताई किती शांत माणसं काढतात!" ते स्वतःच्याच भोळेपणावर मनापासून हसले. "पण पारख म्हणाल तर तुमचीच. उद्यापासून चित्रं पुरे, भिंत तुम्ही चालवायची. ग्रंथात न्हावी जाऊ दे."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. अगदी प्रेमाने वाजवल्या, हेच वाईट.

संध्याकाळी दोघी नेहमीसारख्या बरोबरच बाहेर पडल्या. आईचं चित्र गुंडाळी करून थोरलीच्या काखेत होतं.

"झालं समाधान?" थोरली म्हणाली. "मी आणलं तुला इथे, आणि तू माझ्याच मुळावर उठलीस!"

"तू माझ्या न्हाव्याला ठोकळा म्हणालीस."

"अगं, ते म्हणावंच लागतं!"

"मग मीही म्हटलं."

कोपऱ्यावर वळताना थोरलीने न राहवून विचारलं, "तुला कधी कळलं? माझं ते डोळ्यांचं?"

"लहानपणीच. बाबांनी सांगितलं होतं. म्हणाले, तिला बोलू नकोस हं कधी, ती काढायचंच सोडून देईल."

थोरली रस्त्यातच उभी राहिली. बाप तिची चित्रं दुकानदारांना दाखवायचा, "हिचा हात बघा, हात!" म्हणायचा. चेहरा बघा असं तो एकदाही म्हणाला नव्हता.

"इतकी वर्षं पाळलंस ना?" ती म्हणाली. "मग आज का गं बोललीस?"

"मला वाटायचं, तुला माहीत नाही," धाकटी म्हणाली. "आज कळलं, तुला सगळं माहीत होतं. मग मी कुणासाठी गप्प बसायचं?"

थोरली भर रस्त्यात ओक्साबोक्शी रडायला लागली. येणारेजाणारे वळून बघत होते. धाकटी थोडा वेळ तिची पिशवी धरून उभी राहिली, मग पिशवी तिच्या पायाशी ठेवून पुढे निघाली. ग्रंथासाठी तिचा फोटो काढायचा होता, आणि फोटोवाला सहाला दुकान बंद करतो.