सासऱ्याची भिंत

लेकीच्या पोटी मूल होईस्तोवर तिच्या घरचं पाणीसुद्धा प्यायचं नाही, हा औंढ्यातल्या जुन्या बायांचा नेम. अंबूबाई तर त्याच्याही पुढची. पाणीच प्यायचं नाही तर जायचं तरी कशाला, असं म्हणून नंदाच्या लग्नाला तीन वर्षं होत आली तरी तिनं लोणावळ्याचं घर पाहिलं नव्हतं. मात्र सण आला की भांडं जायचंच. लग्नात घंगाळ आणि बंब, पहिल्या दिवाळीला हंडा, संक्रांतीला परात आणि कळशी, मग पातेली. थोरला मुलगा विठ्ठल बैलगाडीतून पोचवून यायचा. प्रत्येक भांड्यावर देणारीचं नाव ठोकून घातलेलं. अंबूबाईला अक्षर वाचता येत नव्हतं, पण ठोक्यांवरून बोट फिरवून ती नाव पुरतं आलंय का ते बघायची.

"आये, खोली बारकी हाय तिची," विठ्ठल एकदा म्हणाला होता.

"तुला पोचवायला धाडलाय, का मापं घ्यायला?" अंबूबाईनं त्याला तिथंच गप्प केलं. मोठी जाऊ सारजाबाई आपल्या लेकीला स्टीलचे डबे देऊन गावभर सांगत होती. त्या पत्र्यापुढं तांब्यापितळेचं वजन दिसायला नको?

आता नंदाला मुलगा झाला होता. बाळंतपण औंढ्यालाच झालं, बारसंही तिथंच. लेक सासरी परतली तशी अंबूबाई नेमातून मोकळी झाली आणि नवा हंडा घेऊन विठ्ठलाच्या बैलगाडीत बसली. शेजारी सारजाबाई. तिला न बोलावताच यायचं होतं.

"हंड्यात पानी भराया विहीर बी दिलीस का लेकीला?" सारजाबाईनं विचारलं.

"माजी लेक भरंल न्हाईतर पालथा घालंल. तुमच्या डब्यात काय, उंदीर बी मावायचा न्हाई."

जावई बजरंग रेल्वेत सांधेवाला, गाड्यांचे रूळ बदलणारा. त्याला मिळालेली खोली स्टेशनाच्या मागच्या चाळीत होती. अंबूबाई उंबऱ्यातून आत आली आणि पुढं पाऊल टाकायला जागाच सापडेना. एका अंगाला चूल आणि मोरी, दुसऱ्या अंगाला दोरीवर ओली दुपटी. उरलेली लांब भिंत भांड्यांनी अडवलेली. घंगाळात पातेली, बंबावर परात, हंड्यावर कळशी. लोणावळ्याच्या ओलीनं तांब्यावर हिरवट थर चढला होता. नंदाची बोटं चिंचेनं काळी पडलेली. बाळ चुलीपासून हातभर अंतरावर निजलं होतं, कारण दुसरीकडं कुठं निजवणार?

सारजाबाई नुसती भांडी मोजत राहिली. ती बोलली असती तर बरं झालं असतं.

"सरक जरा, ह्यो हंडा तितं ठेवू," म्हणत अंबूबाईनं स्वतःच कळशी बाजूला केली आणि जुना हंडा उचलला. मागं भिंतीवर तेलकट डाग होता. जमिनीपासून बसल्या माणसाच्या डोक्याइतका वर, गोल, चुन्यात मुरलेला.

"ह्यो डाग कसला गं?"

नंदानं बाळाचं दुपटं नीट केलं. ते नीटच होतं.

"नंदे, तुला इचारलं."

"मामंजी टेकून बसायचं तितं. रातच्याला तितंच निजायचं."

अंबूबाईच्या हातातला हंडा हातातच राहिला.

महिपतीआबा, नंदाचे सासरे. खोकल्यानं खंगलेला म्हातारा. बारशाला औंढ्यात आले तेव्हा म्हणाले होते, मळवलीला एका साहेबाच्या बंगल्यावर राखणीला राहिलोय, तिथली हवा मानवते. आणि अंबूबाई भरल्या ओसरीत म्हणाली होती, "व्हय तर, आमच्या पोरीच्या हातची भाकर आबांना ग्वाड लागंना. सायबाच्या बंगल्याची चैन पायजे." बाया हसल्या होत्या. आबाही हसले होते. हसता हसता त्यांना खोकल्याची उबळ आली होती आणि त्यांच्या हातातलं पाणी धोतरावर सांडलं होतं. अंबूबाईला ते आता आठवलं, पाण्यासकट.

"मला सांगायला तोंड नव्हतं तुला?"

"काय सांगू? आईचा आहेर नको झालाय म्हणून? नाव घातल्यालं भांडं कुनाला देता येत न्हाई, मोडीत घालता येत न्हाई. गावाला धाडलं तर तू म्हनशील, लेकीनं तोंडावर मारलं." नंदाचा आवाज दबका होता, बाळ निजलेलं म्हणून. "मामंजीच म्हनलं, मायलेकीत वाकडं नको. माजं काय, कुटं बी पडंन."

बजरंग दारात उभा होता. त्यानं मान फिरवून रुळांकडं बघितलं.

अंबूबाईनं पदर खोचला. हातातला जुना हंडा आणि नवाही तिनं बाहेर नेऊन गाडीत ठेवला. मग परत आत येऊन घंगाळ ओढलं. दगडी फरशीवर ते असं किंचाळलं की चाळीतल्या बाया दारात आल्या.

"आये, दिल्यालं परत न्हेऊ न्हाई म्हनत्यात," नंदा कळवळली.

"न्हेत न्हाई. माज्या माळ्यावर ठेवते. मोठं घर झालं की मागून घे." एवढं म्हणून तिनं बंबाला हात घातला. बजरंग पुढं झाला तर त्यालाही तिनं बाजूला सारलं. कळशी आणि एक पातेलं तेवढं राहू दिलं.

शेजारची एक बाई दुसरीला म्हणाली, "लेकीचा संसार उचलला का काय हिनं?"

एरवी अंबूबाईनं तिच्या सात पिढ्यांचा उद्धार केला असता. आज तिनं ऐकून घेतलं. गाडी भरली. नंदानं चहा पुढं केला. लेकीच्या घरचा पहिला घोट. तो तिनं उभ्यानंच घेतला आणि कप मोरीत ठेवला.

"इट्ठल, मळवलीला घे."

"आये, आपलं घर राहिलं हिकडं."

"मला रस्ता दावू नगंस."

बंगला बंदच होता. फाटकाजवळच्या पत्र्याच्या खोलीपुढं महिपतीआबा कांबळं पांघरून बसले होते. भांड्यांनी भरलेली गाडी बघून ते उठले.

"इहीनबाई! लगीन कुनाचं काढलं?"

"लगीन न्हाई आबा." अंबूबाई खाली उतरली. वाटेत बोलायचं सगळं तिनं जुळवलं होतं. "तुमची भिंत मोकळी केली. चला."

आबांनी गाडीकडं बघितलं, मग तिच्याकडं.

"सायबाची चैन सोडून?"

ते हसूनच म्हणाले. बारशाला हसले होते तसंच. अंबूबाईला वाटलं, त्यांनी शिवी द्यायला हवी होती. शिवीला तिच्याकडं उत्तर होतं.

"माजं त्वांड वाईट हाय आबा," ती एवढंच म्हणाली.

"त्वांड न्हाई, हंडं मोठं हायती तुमचं." त्यांना खोकला आला. तो सरला तसे ते म्हणाले, "सायेब शनवारी येत्यात. त्यांना सांगितल्याबिगर दार सोडून कसा येऊ? मग येतो. बगू."

बगू. त्या शब्दात येईन किती आणि न येईन किती, ते अंबूबाईला कळेना.

"मग जागा धरायला तरी कायतरी द्या."

आबा आत गेले. त्यांच्याकडं पांघरायला दोन वाकळा होत्या, त्यातली जुनी घेऊन आले. अंबूबाईनं ती दोन्ही हातांनी घेतली आणि गाडीत चढली.

"परत लोनावळ्याला," ती म्हणाली. विठ्ठलानं बैल वळवले.

बंब आणि घंगाळ यांच्या मधे अंग चोरून बसलेल्या सारजाबाईला आता राहवेना.

"अंबू, ह्याच्यावर नाव घालायचं राह्यलं की गं."

अंबूबाईनं वाकळ मांडीवर घट्ट धरली. तिला विडीचा आणि चुलीच्या धुराचा वास येत होता. भांडी सबंध वाट एकमेकांवर आदळत राहिली.