सगळं ओके

चित्रा मॅडमचं नाव निघालं की आता माझे हात आपोआप जोडले जातात. पण पहिल्या दिवशी मी त्यांच्यावर चांगली ओरडले होते. काय सांगू, डोकंच फिरलं होतं माझं! माझा नवरा हातचा चालला होता आणि ही बाई त्याच्यापुढे परीक्षेचा पेपर ठेवत होती!

आम्ही मूळचे बार्शीकडचे, लग्न झाल्यावर थेरगावात आलो आणि इथलेच झालो. मी घरी पोळी-भाजीचे डबे करते. आमचे हे, म्हणजे नवनाथ, निघोज्याच्या एका कंपनीत तयार पार्ट तपासतात. लाईनवरून पार्ट आला की काट्याचा गेज लावायचा, माप बरोबर असलं की ओके, नसलं की लाल खूण. दिव्या, आमची मुलगी, नववीत आहे. सांगायचं म्हणजे, वरून बघणाऱ्याला आमच्या घरात दुःखाचं काही कारण दिसलं नसतं.

तरी दिवाळीनंतर हा माणूस गप्प होत गेला. ताटात अर्धं टाकायचे. शिफ्टवरून आले की भिंतीकडे तोंड करून पडायचे, झोप मात्र नाही. मी भांडून बघितलं, माझा स्वभावच तसा. "अहो, बोला की! काय मूग गिळून बसलाय?" पूर्वी मी एक म्हटलं की हे दोन सुनावायचे, आमच्या भांडणाला अख्खा मजला हसायचा. आता नुसतं "हं."

मग एका रविवारी त्यांनी कपाटातली पिशवी काढून माझ्यापुढे ठेवली. विम्याचे कागद, पासबुक, खोलीचे कागद.

"तुला माहीत असावं," म्हणाले. "दिव्याचं शिक्षण थांबवू नकोस."

मी पिशवी परत त्यांच्याकडे ढकलली. "का? तुम्ही कुठं निघालात?"

त्यांनी पिशवी उचलून कपाटात ठेवली. त्या दिवसापासून मी त्यांना नजरेआड होऊ दिलं नाही. आंघोळीला गेले तरी मी दाराबाहेर काहीतरी निवडत बसायचे आणि आत पाणी पडल्याचा आवाज ऐकायचे.

यांच्या लाईनवर दिग्विजय म्हणून आहे, यांचा जिवाभावाचा मित्र. त्याच्या मेव्हण्याला चिंचवडच्या समुपदेशक चित्रा मॅडमकडे गुण आला होता. त्यानेच सुट्टी टाकून यांना गाडीवर बसवलं. "चल भावा, लाजायचं काय त्यात? पाठ दुखली असती तर गेलाच असतास ना?" मी मागून रिक्षाने पोचले. दिग्विजयचे ते उपकार मी विसरणार नाही.

मॅडम माझ्याच वयाच्या, साध्या, चष्म्याच्या. थोडी विचारपूस केली आणि यांच्या हातात एक कागद दिला. त्यावर नऊ ओळी होत्या. झोप लागत नाही, भूक नाही, कशात मन रमत नाही, असं एकेक, आणि शेवटची ओळ जगावंसं न वाटण्याची. प्रत्येक ओळीपुढे शून्य ते तीन गुणांच्या चार चौकटी, 'अजिबात नाही'पासून 'जवळपास रोज'पर्यंत. गेल्या दोन आठवड्यांत जसं वाटलं तशी खूण करायची.

यांनी पेन घेतलं आणि झरझर वरून खाली खुणा केल्या. मी मान तिरकी करून बघितलं. सगळ्या पहिल्याच चौकटीत! अजिबात नाही, अजिबात नाही, अजिबात नाही. खाली तारीख घालून सहीसुद्धा ठोकली. सही मागितली कुणी होती?

मग माझा तोल सुटला. "खोटं आहे हे सगळं! झोप लागते म्हणे! मॅडम, हा माणूस मला विम्याचे कागद दाखवतोय, आणि तुम्ही असल्या कागदावर औषध ठरवणार?"

मॅडम चिडल्या नाहीत. मला पाणी दिलं. मग यांना विचारलं, "नवनाथराव, कंपनीत तुम्ही काय काम करता?"

"इन्स्पेक्शन. पार्ट मोजतो."

"समजा सकाळपासून एकाही पार्टमध्ये केसभरसुद्धा फरक आला नाही. सगळे शून्य. मग?"

हे पहिल्यांदा मान वर करून बोलले. "असं होत नाही. मी आधी गेज बघतो. काटा अडकलेला असतो."

मॅडमनी तो कागद यांच्यापुढे सरकवला.

हे त्या खुणांवरून वरून खाली बोट फिरवत गेले. मग हळूच म्हणाले, "मला वाटलं, हे कंपनीत जाईल. लाल खूण दिसली की माणूस लाईनवरून बाजूला होतो."

"कुठंही जाणार नाही. हे तुमच्यासाठी आहे."

"याचं कॅलिब्रेशन झालंय का?" यांनी विचारलं. मला हसावं की रडावं कळेना! गेजचं माप खरं येतंय का ते वेळोवेळी पडताळतात, त्याला हे लोक कॅलिब्रेशन म्हणतात. त्याचा स्टिकर नसेल तर आमचे हे गेजला हात लावत नाहीत.

"झालंय," मॅडम म्हणाल्या. "हजारो लोकांवर पडताळून बघितलंय. मराठीतही. किती गुण आले की आजार किती आणि पुढं काय करायचं, हे माझ्या लहरीवर नाही. पण तुम्ही आत पार्टच ठेवला नाहीत तर गेज काय मोजणार?"

त्यांनी कोरा कागद दिला आणि मला बाहेर थांबायला सांगितलं. हे म्हणाले, "राहू दे तिला."

या वेळी एकेका ओळीला वेळ लागला. खुणा उजवीकडे सरकत गेल्या. शेवटच्या ओळीवर पेन थांबलं, आणि मग चौथ्या चौकटीत खूण झाली.

"रोज वाटतं, मॅडम," हे म्हणाले. "आपण नसलेलं बरं."

मी रडले. मोठ्याने रडले, लाज सोडून. पण खरं सांगते, त्या रडण्यात सुटकाही होती. इतके दिवस मी ज्याला घाबरत होते ते शेवटी उजेडात आलं होतं.

मॅडमनी बेरीज केली आणि स्पष्ट सांगितलं, "हा आळस नाही, हा आजार आहे. बराच वाढलाय, पण बरा होतो." लगेच फोन लावून मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे त्याच दिवशी पाठवलं. गोळ्या माझ्या ताब्यात, यांना एकटं सोडायचं नाही, नाईट शिफ्ट बंद. दर आठवड्याला मॅडमशी बोलायचं आणि अधूनमधून पुन्हा तोच कागद भरायचा. मध्ये आकडा एका जागी अडकला. मी आपली खूश होते, जेवतायत, म्हणजे बरे झाले! मॅडमनी मात्र डॉक्टरांना कळवून औषध बदलून घेतलं. त्या आकड्याचे माझ्यावर किती उपकार आहेत, मलाच माहीत.

आणि एका सकाळी हे स्वयंपाकघरात येऊन भाजी चाखून म्हणाले, "मीठ महागलंय का गं?" मी लाटणं हातात धरून तिथंच खाली बसले. देवा, तुझे आभार, माझा नवरा मला नावं ठेवतोय!

गेल्या महिन्यात गेलो तर मॅडमनी कागद माझ्या हातात दिला. "रुपालीताई, आज तुम्हीपण भरा. सांभाळणाऱ्याकडेही बघावं लागतं."

"मला काय धाड भरलीय!" म्हणत मी पेन घेतलं आणि पटापट भरून टाकलं. डब्यांची वेळ होत होती.

यांनी तो कागद माझ्या हातातून घेतला. वरून खाली बघितला आणि मॅडमपुढे ठेवला. "मॅडम, काटा अडकलाय."

"काहीतरीच काय!" मी म्हटलं.

"पहाटे उठतेस आणि गॅस न पेटवता ओट्यापाशी नुसती उभी राहतेस," हे म्हणाले. "अजून बाथरूमच्या दाराशी येऊन कान देतेस. मी बघतो रुपाली."

बघतो म्हणाले. भिंतीकडे तोंड करून पडणारा माझा माणूस माझ्याकडे बघत होता, आणि कधीपासून बघत होता ते मला कळलंही नव्हतं.

मॅडमनी कोरा कागद काढला. यांनी पेन माझ्यापुढे धरलं.

"सावकाश भर. डब्यांचं बघतो मी, दिग्विजयला फोन करतो."

मी पदराने डोळे पुसले आणि पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचायला लागले.